गल्ल्यामागचा माणूस: दिवंगत दुकानदाराची स्मरणिका कशी करावी

दुकानदार गेला की तेराव्यापर्यंत शब्दांची टंचाई नसते. चौकात फ्लेक्स लागतो, पेपरात चौकट येते, व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांत 'भावपूर्ण श्रद्धांजली'ची रांग लागते. सगळीकडे तीच विशेषणं: मनमिळाऊ, कष्टाळू, हसतमुख, कुटुंबवत्सल. ती खोटी नसतात. पण फोटो बदलला तर शेजारच्या दुकानदारालाही तितकीच चालतील, ही त्यांची अडचण. वर्षश्राद्धाला वाटायची म्हणून जी छोटी स्मरणिका हल्ली अनेक घरं काढतात, तीही बहुतेकदा याच शब्दांनी भरलेली असते.

किराणा, कापड, हार्डवेअर, स्टेशनरी, सायकल दुरुस्ती, काहीही असो, असा माणूस दिवसाचे बारा-चौदा तास दुकानात काढतो. घरच्यांच्या वाट्याला तो रात्री जेवणाला आणि सणाच्या दिवशी अर्धाच येतो, कारण सण म्हणजे धंद्याचा दिवस. म्हणून घरचे लिहायला बसले की 'बाबांना वेळ मिळत नसे, पण जीव फार होता' या वाक्यापाशी अडतात. माझं मत असं की तो जीव घरात शोधायचाच नाही, दुकानात शोधायचा. रोजच्या हिशेबात, शटर कोणत्या दिवशी लवकर खाली आलं त्यात, गल्ल्याच्या खालच्या कप्प्यात काय जपून ठेवलं होतं त्यात तो सापडतो. तेव्हा 'व्यवसाय' आणि 'कुटुंब' अशी दोन प्रकरणं पाडायची नाहीत, हे कामाला हात घालण्याआधीच ठरवा. खालची कामं साधारण याच क्रमानं करावीत. वर्षश्राद्धाला पुस्तिका हातात हवी असेल तर पहिले दोन महिने फक्त गोळा करण्यात घालवा.

रद्दीवाल्याच्या आधी पोचा

तेरावं झालं की कुणीतरी कर्ता माणूस दुकान 'साफ' करायला घेतो. त्याला हात जोडून थांबवा. दुकान चालू राहणार असेल तरी जुन्या वह्या, बिलबुकं, चिठ्ठ्या एका खोक्यात भरून घरी आणा. हे नुसतं भावनेपोटी नाही. जीएसटी नोंदणी असलेल्या दुकानाला त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम मुदतीपासून 72 महिने हिशेब जपावे लागतात, त्यामुळे अलीकडच्या वह्यांना हात लावण्याआधी सीएंना विचाराच.

काय काय उचलायचं? रोजमेळ (रोजच्या जमाखर्चाची वही), खतावणी (खातेवार नोंदींची वही), उधारीची वही ही तर उघड गोष्ट. त्याशिवाय भिंतीवरची जुनी कॅलेंडरं, गुमास्त्याचं लायसन (दुकानाच्या नोंदणीचा कागद), घाऊक व्यापाऱ्यांची बिलं, पावत्या खोचायची तारेची सळई, पहिलं बिलबुक, पाटीचा फोटो, वजनं. काउंटरच्या काचेखाली ठेवलेल्या वस्तूंचा, त्या हलवण्याआधी, जागच्या जागी एक फोटो काढा. देवाचा फोटो, मुलीचा शाळेतला फोटो, कुणाचं तरी व्हिजिटिंग कार्ड, एखादी परदेशी नोट. ही मांडणी त्या माणसानं स्वतः केलेली असते आणि एकदा काच उचलली की ती परत जमत नाही.

छापील थर्मल पावत्या, म्हणजे मशीनमधून निघणाऱ्या गुळगुळीत पावत्या, आधी मोबाइलवर टिपा, कारण त्यांवरची अक्षरं उडतात. बाकी कागद खिडकीपाशी, सावलीच्या उजेडात, फ्लॅश न लावता टिपावेत. गंजलेल्या टाचण्या हलक्या हातानं काढा. फाटक्या पानाला सेलोटेप लावू नका आणि कशालाही लॅमिनेशन करू नका, दोन्हींनी कागदाचं पुढे वाटोळंच होतं. वह्या धुतलेल्या सुती कापडात बांधून ठेवल्या तर प्लॅस्टिकच्या पिशवीपेक्षा चांगल्या राहतात. आपल्याकडची जुनी दफ्तरं रुमालात बांधायची ती उगीच नाही.

मोबाइलकडे सगळ्यांचं दुर्लक्ष होतं. गेलेल्या माणसाचा नंबर रिचार्ज करून चालू ठेवा. फोन तसाच पडून राहिला तर व्हॉट्सअ‍ॅपचं खातं साधारण 120 दिवस न वापरल्यावर पुसलं जातं, आणि बंद पडलेला नंबर पुढे दुसऱ्याला दिला जातो. त्या फोनमध्ये त्यांचा आवाज असतो. 'दोन खोकी तेल पाठव, आणि मागच्या वेळचं फुटकं पाऊच वजा कर' असा घाऊकवाल्याला पाठवलेला व्हॉइस मेसेज घरच्यांना कोणत्याही भाषणापेक्षा जास्त मोलाचा वाटेल. तो वेगळा काढून निदान दोन जागी ठेवा.

तारीख लावणं

जुन्या कागदांवर वर्ष नसतं, किंवा 'आश्विन वद्य' एवढंच असतं. इथं थोडी गुप्तहेरगिरी लागते आणि मला या कामातला हा सगळ्यात रंजक भाग वाटतो.

हिशेब आणे-पैचा असेल तर तो बहुधा 1957 च्या आधीचा, कारण दशमान नाणी 1 एप्रिल 1957 पासून आली. 'नये पैसे' असं लिहिलं असेल तर 1957 ते 1964 या पट्ट्यातला. जिनसा शेर-छटाकात असतील तर साठच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतच्या, त्यानंतर किलो सक्तीचा झाला. अर्थात जुनी माणसं तोंडानं पुढेही कितीतरी वर्षं 'पावशेर' म्हणत राहिली आणि काही वहीतही तसंच लिहीत, म्हणून एका खुणेवर भरवसा ठेवू नका, दोन जुळल्या पाहिजेत.

पत्त्यात पिनकोड छापलेला असेल तर कागद 15 ऑगस्ट 1972 नंतरचा. जिल्ह्याचं नाव पाहा. सावंतवाडीच्या दुकानाच्या बिलावर 'जि. रत्नागिरी' असेल तर ते सिंधुदुर्ग जिल्हा होण्याआधीचं, म्हणजे 1 मे 1981 च्या आधीचं. जालन्याच्या बिलावर 'जि. औरंगाबाद' दिसलं तरी हाच हिशेब. लातूरच्या बिलावर 'जि. उस्मानाबाद' असेल तर ऑगस्ट 1982 च्या आधीचं. वाशीम आणि नंदुरबार 1998 चे, हिंगोली आणि गोंदिया 1999 चे, पालघर 2014 चा. अर्थात छापून ठेवलेली बिलबुकं संपेपर्यंत वापरायची हा दुकानदारी स्वभाव, त्यामुळे जिल्हा बदलल्यावरही दोन-तीन वर्षं जुनं नाव चालू राहिलेलं दिसेल. ते दिसलं तर पुस्तिकेत जरूर लिहा, माणूस त्यातूनही कळतो.

कराचा नंबर ही आणखी एक खूण. 'बी.एस.टी. नं.' म्हणजे 1 एप्रिल 2005 च्या आधीचा विक्रीकर, 'व्हॅट टिन' म्हणजे त्यानंतरचा, आणि पंधरा अक्षर-अंकांचा जीएसटी नंबर म्हणजे 1 जुलै 2017 पासून पुढचा. छापील रुपयाचं ₹ हे चिन्ह असेल तर कागद 2010 च्या आधीचा असूच शकत नाही. फोन नंबर किती आकडी आहे तेही पाहा. तुमच्या गावातल्या जुन्या माणसांना नंबर तीन आकडी कधी होता नि एसटीडी कधी आलं ते तोंडपाठ असतं.

फोटोतली तारीख भिंतीवरून काढता येते. मागं कॅलेंडर असेल तर फोटो मोठा करून महिना आणि 1 तारखेचा वार वाचा, त्या जोडीवरून मोजकीच वर्षं उरतात. कालनिर्णय दिसलं तर फोटो 1973 च्या अलीकडचा, कारण ते त्याच वर्षी सुरू झालं. लोखंडी वजनांच्या बुडाशी शिशाचा ठिपका असतो. वजनमाप खात्याचा निरीक्षक तपासणी करून त्यावर वर्षाचे आकडे आणि तिमाहीचं अक्षर ठोकतो. भिंग घेऊन वाचलंत तर ती वजनं कोणत्या वर्षापर्यंत वापरात होती हे कळेल.

वह्या आजोबा-पणजोबांच्या असतील तर त्या मोडी लिपीत असण्याची शक्यता आहे. दोन पानांचे स्वच्छ फोटो काढून मोडी वाचणाऱ्याला दाखवा. पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ आणि राज्याचं पुराभिलेख खातं मोडीचे वर्ग घेतात, तिथं शिकलेली माणसं बहुतेक जिल्ह्यांत भेटतात. सगळी वही वाचून घ्यायचा अट्टहास नको. पहिलं पान, ज्यावर 'श्री' काढून पाडव्याला वही घातलेली असते, तेवढं पुरे.

वही वाचायची कशी

लहान दुकानदाराच्या रोजमेळात धंदा आणि घर एकाच पानावर असतं. कायद्याच्या दृष्टीनं ते बरं की वाईट हे सीए सांगतील, आपल्या कामासाठी ते घबाड आहे. 'साखर पोतं', 'हमाली', 'वीजबिल' यांच्या मध्येच 'घरखर्च', 'आईचं औषध', 'ताई भाऊबीज', 'फी' अशा ओळी सापडतात. एक वर्ष निवडा आणि फक्त या घरच्या ओळी एका कागदावर उतरवून काढा. मुलीच्या कॉलेजची फी भरल्याच्या आठवड्यात मालाची खरेदी निम्म्यावर आलेली दिसेल. ते घरात कधी कुणी बोललेलं नसतं.

मग कोरे दिवस शोधा. ज्या तारखेला विक्रीच नाही त्या दिवशी दुकान बंद होतं. साप्ताहिक सुट्टी वगळून असे दिवस वर्षाकाठी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके निघतात. ते घरातल्या पत्रिकांशी, जन्मदाखल्यांशी, दवाखान्याच्या कागदांशी ताडून पाहा. कुणाचं बारसं, कुणाचा दहावीचा निकाल, कुणाची पाठवणी. अख्ख्या आयुष्यात दुकान किती वेळा आणि कुणासाठी बंद राहिलं, ही यादी स्मरणिकेचं एक पूर्ण पान होऊ शकते, आणि त्या पानावर विशेषण एकही लागत नाही.

दुपारही विसरू नका. 1 ते 4 बंद असणाऱ्या दुकानांवर पुण्यावरून विनोद खूप झाले. पण ज्याचं घर दुकानाच्या वर किंवा मागं असतं त्या माणसाचं मुलांसोबतचं जेवण त्या तीन तासांतच व्हायचं. दुपारी दुकान बंद ठेवायचं की पोरांना जेवणाचा डबा घेऊन दुकानात बोलवायचं, यातून त्यानं काय निवडलं हे विचारा.

मोठ्या घटनांच्या तारखांची पानंही उघडा. 8 नोव्हेंबर 2016 च्या नोटाबंदीनंतरचे पंधरा दिवस, 22 मार्च 2020 च्या जनता कर्फ्यूनंतरचा महिना. किराणा अत्यावश्यक म्हणून उघडा होता आणि घरचे मात्र जीव मुठीत धरून होते. सांगली-कोल्हापूरकडचं दुकान असेल तर ऑगस्ट 2019 चा पूर, चिपळूण-महाडकडचं असेल तर जुलै 2021 चा. पुराच्या घरांत कदाचित वहीच उरलेली नसते. मग 'वही का नाही' हीच लिहायची गोष्ट: पाणी चढत असताना त्यांनी आधी काय उचललं? माल, वह्या की देव्हारा?

कुणाला विचारायचं आणि काय

नातेवाईक शेवटी. त्यांच्याकडे ठरलेली वाक्यं असतात. सुरुवात हमालापासून, टेम्पोवाल्यापासून, दुकानात वर्षानुवर्षं राहिलेल्या माणसापासून करा. मग घाऊक व्यापारी, मग समोरचा स्पर्धक दुकानदार, मग तीस-चाळीस वर्षांची गिऱ्हाइकं. स्पर्धकाला चुकवू नका. एकाच गल्लीत एकच माल विकणारी दोन माणसं एकमेकांना घरच्यांपेक्षा जास्त ओळखून असतात, आणि संध्याकाळी सुट्टे मागायला पोरगं कुणाच्या दुकानात पाठवायचं हे त्यांचं ठरलेलं असतं.

'ते कसे होते?' हा प्रश्न विचारलात की विशेषणंच मिळणार. त्याऐवजी असं विचारा:

'काका, तुम्ही पहिल्यांदा गेलात तेव्हा दुकानाला फळ्या होत्या का शटर?'
'भवानी व्हायच्या आधी कुणी उधार मागितलं तर काय म्हणायचे?'
'मालक रागावले की कसं कळायचं?'
'लहान पोर एकटं सामानाला आलं तर त्याच्या हातावर काय ठेवायचे?'
'72 च्या दुष्काळात दुकानात काय मिळायचं नि काय नाही?'
'रात्री दुकान वाढवताना शेवटची गोष्ट कोणती करायचे?'

प्रत्येकजण त्यांना काय म्हणून हाक मारायचा तेही टिपून ठेवा. हमालाचे ते 'शेठ', गल्लीचे 'भाऊ', घाऊकवाल्याचे आडनावानं, बायकोचे 'अहो', नातवंडांचे 'आबा'. पुस्तिकेत ज्याची आठवण त्याची हाक तशीच राहू द्या. सगळीकडे 'कै. अमुकराव' केलंत की सगळे आवाज एकसारखे होतात.

बोलणं मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा, पण आधी विचारून. वयस्कर माणसाला एका बैठकीत पाऊण तासापेक्षा जास्त बसवू नका. आणि चहाला हो म्हणा, चांगली गोष्ट बहुधा चहा आल्यावर निघते.

आता घरातली बाई. दुकानदाराच्या स्मरणिकेत ती 'सहधर्मचारिणीची मोलाची साथ' एवढ्यावर आटोपली जाते, हे मला दरवेळी खटकतं. रात्री जेवणं झाल्यावर जिरं-मोहरीच्या पुड्या कोण बांधत होतं? ते मार्केट यार्डात गेले की गल्ल्यावर कोण बसायचं? कोणत्या गिऱ्हाइकाला उधार द्यायचं नाही हे कुणाला आधी कळायचं? वह्यांत अक्षर बदललेलं दिसेल, ती पानं तिच्यासमोर ठेवा. 'काकू, हे तुमचं अक्षर ना?' एवढा प्रश्न पुरतो. पुष्कळदा कळतं की दुकान दोघांचं होतं आणि पाटीवर नाव एकाचं होतं. तसं असेल तर तसंच लिहा.

लिहायला बसताना

जन्मापासून मृत्यूपर्यंतचा क्रम सोपा वाटतो, पण त्यात शाळा, लग्न, मुलं, सन्मान असा बायोडेटा तयार होतो. त्याऐवजी दुकानाचा एक दिवस घ्या. पहाटेचं मार्केट, शटर आणि उदबत्ती, सकाळची दूध-पावाची घाई, दुपार, शाळा सुटल्यावरची पोरं, संध्याकाळची गर्दी, रात्रीचा गल्ला मोजणं. प्रत्येक वेळेपाशी त्या वेळच्या आठवणी, वेगवेगळ्या वर्षांतल्या, ठेवत चला. सकाळच्या भागात 1978 आणि 2015 शेजारी आले तरी बिघडत नाही, कंसात वर्ष द्या. जन्म, शिक्षण, लग्न, दुकान कधी थाटलं या तारखा एका चौकटीत शेवटच्या पानावर.

वाक्य कसं बदलतं ते पाहा. पहिला खर्डा बहुधा असा येतो: 'भाऊ अत्यंत कुटुंबवत्सल होते. मुलींच्या शिक्षणासाठी त्यांनी अपार कष्ट घेतले.' वही आणि माणसं विचारून झाल्यावर तेच असं होऊ शकतं: 'धाकटी बारावीला होती त्या वर्षी भाऊंनी दुकान रात्री साडेनऊऐवजी साडेआठला वाढवायला सुरुवात केली. कारण कुणाला सांगितलं नाही. ती क्लासहून यायची त्या वळणावर दिवा नव्हता.' दुसऱ्यात विशेषण नाही, पण वाचणाऱ्याला ते आपोआप सुचतं.

हे उदाहरण मी रचलेलं आहे. तुमच्या पुस्तिकेत मात्र रचलेलं काही नको. एखादी गोष्ट दोघं वेगळी सांगत असतील तर दोन्ही द्या आणि कोण काय म्हणतं ते लिहा. घरात यावरून वाद होतो, होऊ द्या. वादातून तिसरी आठवण निघते.

दोष वगळायचे का? तापटपणा, तंबाखू, मुलानं दुकान पुढे चालवावं म्हणून धरलेला हट्ट, हे सगळं गावाला माहीत असतं. ते गाळलंत तर बाकीच्या चांगल्यावरही कुणी विश्वास ठेवत नाही. थोडक्यात, चिडचिड न करता लिहा. भावांमध्ये दुकानाची वाटणी झाली असेल तर 'अमुक साली दोन्ही भावांनी दुकानं वेगळी केली' एवढं सरळ वाक्य बरं. त्यामागची कारणं हयात माणसांची असतात, ती स्मरणिकेत आणू नयेत.

एक गोष्ट मात्र कटाक्षानं पाळा. उधारीच्या वहीतलं एकही नाव छापू नका. पानाचा फोटो हवाच असेल तर नावांवर पट्टी ठेवून काढा. 'कितीतरी जणांची उधारी त्यांनी सोडून दिली' असं कौतुकानं लिहितानाही सावध राहा. गाव लहान असतं, आणि कुणाची ते वाचणारे ओळखतात. ज्या दुकानदारानं चारचौघांत कुणाला पैसे मागितले नाहीत त्याच्या पुस्तिकेत ते होता कामा नये.

छपाई

इथं फार वेळ घालवायची गरज नाही. मध्ये पिन मारलेल्या पुस्तिकेची पानं चारच्या पटीत लागतात, तेव्हा 16, 24 किंवा 32 ठरवा. माझा कौल 24 ला. कागद मॅपलिथो, म्हणजे बिनचकाकीचा, घ्या, चकचकीत आर्ट पेपरवर वयस्कर वाचणाऱ्यांना अक्षरावर उजेड मारतो. अक्षर 14 पॉइंटपेक्षा लहान नको. डीटीपीवाल्याकडून मजकूर युनिकोडमध्येही मागून घ्या. जुन्या फॉन्टमधली फाइल पुढे दुसऱ्या संगणकावर उघडली की अक्षरांचा काला होतो. प्रूफ तीन वेगवेगळ्या माणसांनी वाचावं, त्यातलं एक घराबाहेरचं असावं. नावं आणि नाती दोनदा तपासा. स्मरणिकेत सून आणि जावई यांचा क्रम चुकला तर पुढची दहा वर्षं ऐकावं लागतं.

वर्षश्राद्ध तिथीनं येतं, म्हणजे इंग्रजी तारखेच्या पुढे-मागे, आणि अधिक महिना मध्ये पडला तर फरक आणखी वाढतो. गुरुजींकडून दिवस आधी काढून घ्या आणि छापखान्याला त्याच्या पंधरा दिवस आधीची तारीख सांगा. दिवाळी किंवा निवडणूक जवळ असेल तर महिनाभर आधीची.

प्रती किती काढायच्या हे नातेवाईक मोजून ठरवू नका. पाहुण्यांच्या प्रती कपाटात जातात. गिऱ्हाइकांसाठी वेगळा गठ्ठा ठेवा आणि दुकान चालू असेल तर तो काउंटरवरच ठेवा, किराणा घ्यायला आलेली माणसं उभ्याउभ्या वाचतात आणि 'यात माझी एक गोष्ट राहिली' म्हणून सांगायला लागतात. ती लिहून घ्यायला बाजूला एक कोरी वही आणि दोरीला बांधलेलं पेन असू द्या. दोन प्रती गावच्या वाचनालयात द्या, एक घाऊक व्यापाऱ्याला, एक हमालाला स्वतः नेऊन. वह्यांचे फोटो आणि ध्वनिमुद्रणं तीन वेगवेगळ्या घरांत राहतील अशी सोय करा, त्यातलं एक घर मुलीचं असावं.